शोकाकुल

पडद्यावर हार घातलेला मोहितचा फोटो आला आणि सुपेल्यातलं हर्षलचं अख्खं ऑफिस खो खो हसलं. एकटा हर्षल हसला नाही.

गंमत मात्र त्यानेच केलेली होती. कुठलाही प्रोग्राम पुरता आपला नसतो. इकडून तिकडून उचललेले कोडचे तयार तुकडे त्यात जोडलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कोणीतरी अनोळखी माणूस घरी बसून फुकटात सांभाळत असतो. त्याची आठवण कोणाला येते? तुकडा बिघडला की मगच. म्हणून हर्षलने ‘श्रद्धांजली’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तुकडा सांभाळणाऱ्या ज्या माणसाने सहा महिने कोणाला उत्तर दिलं नाही, त्याचा चौकात लागतो तसा फ्लेक्स तो आपोआप बनवायचा. वर फोटो आणि आजची तारीख, मध्ये ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘शोकाकुल’ म्हणून त्याचा तुकडा वापरणाऱ्या सगळ्यांची नावं. लोक हसून बेजार व्हायचे.

मोहितही असाच एक तुकडा सांभाळायचा, पण तो अनोळखी नव्हता. शाळेतला, एका बाकावरचा. कोणीतरी तो फ्लेक्स शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि दुपारपर्यंत लोक खरं समजून तिथे हात जोडू लागले. हर्षलने फोन लावला, तर मोहितचा फोन बंद. मोहित एकुलता एक. त्याच्या आईने, मैनाबाईंनी, हे पाहिलं तर? हर्षलने गाडी काढली ती थेट उतईला, मोहितच्या गावी.

मैनाबाई दारातच तांदूळ निवडत होत्या.

“लय दिवसांनी आला रे बाबू. जा, आत हाय. कावीळ झाली म्हनते, उठतच नाई खाटेवरून. पयलेबी दिवसभर त्या कम्प्युटरपुढेच बसून राहे. कामधंदा काई नाई. तूच समजाव त्याले.”

म्हणजे त्यांना काही कळलं नव्हतं. हर्षलचा जीव भांड्यात पडला. तो आत गेला आणि दाराशीच थांबला. खाटेवर नुसती हाडं उरली होती. डोळे हळदीसारखे पिवळे.

“सकाळपासून फोनवर फोन येऊन राहिले होते,” मोहित म्हणाला. “म्हनून बंद केला.”

“सॉरी यार, गलती हो गयी. तो फ्लेक्स आत्ताच डिलीट करतो.”

“थांब. दाखव मले एकदा.”

हर्षलने मान खाली घालून मोबाइल पुढे केला. मोहितने स्वतःच्या फोटोकडे पाहिलंही नाही. तो खालची नावं वाचत राहिला. बँका, दवाखाने, परदेशातली एक विमान कंपनी. नावं संपतच नव्हती.

“हे सारे माह्यं वापरतेत?”

“हो.”

मोहितने दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

“डिलीट नको करू. डॉक्टरनं महिनाभरच उरला म्हटलं हाय, आईले माईत नाई. तारीख तेवढी मंग बदलजो. अन् ही नावं तिले वाचून दाखवजो. पोरगा रिकामा नव्हता, म्हनजो.”