बूट दारातच

"ब... ब... बूट इथेच काढायचे," हिल्ला म्हणाली.

दारातल्या बाईंनी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग आपल्या उंच, काळ्या बुटांकडे पाहिलं. बाहेर नोव्हेंबरचा बर्फाळ चिखल होता आणि त्यातला निम्मा त्या बुटांवर बसून आत यायला बघत होता.

"मी लगेच निघणार आहे गं," बाई म्हणाल्या. "नगरपालिकेकडून आलेय. सिर्का वैनियो."

हे सांगायची काही गरज नव्हती. गावातल्या युवा केंद्रांपैकी एक यंदा बंद होणार होतं, आणि कुठलं ते सिर्काबाई स्वतः फिरून ठरवणार होत्या. आठवडाभर या केंद्रात दुसरा विषय नव्हता. केंद्र सांभाळणाऱ्या यार्मोने तर सकाळपासून फरशी पुसून पुसून तिची सालं काढली होती. आता तो हातात कॉफीची किटली घेऊन हिल्लाला डोळ्यांनी खुणावत होता.

"हिल्ला, आजचा दिवस जाऊ दे ना," तो पुटपुटला.

"नियम सगळ्यांना सारखा. तूच सांगतोस."

यार्मोने किटली खाली ठेवली. अख्ख्या फिनलंडात बूट घालून कुणी कुणाच्या घरात शिरत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण अख्ख्या फिनलंडाच्या हातात केंद्र बंद करायची कात्री नव्हती.

सिर्काबाई बाकावर बसल्या. बूट काही निघेना. यार्मो घाईघाईने ओढायला वाकला.

"आधी विचार," हिल्लाने त्याला अडवलं आणि भिंतीकडे बोट केलं. कुणाला हात लावायचा तर आधी विचारायचं, असं तिथे मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवलं होतं. यार्मोने विचारलं. बाईंनी मान डोलावली. बूट निघाला.

मोज्याला भोक होतं. भोक कसलं, खिडकीच ती. त्यातून पायाचा अंगठा पुरता बाहेर आला होता आणि त्याच्या नखाला लालभडक रंग लावलेला होता.

बिलियर्डच्या टेबलावरचा खडखडाट थांबला. सोफ्यावरच्या मुलींनी माना वर केल्या. आणि टेबलापाशी नेमका एल्मेरी उभा होता. स्वतःच्या आजोबांच्या अंत्यविधीला पाद्रीला शिंक आली म्हणून खो खो हसलेला पोरगा हा. त्याचे गाल फुगले होते. कान त्या नखाइतके लाल झाले होते.

हिल्लाने भिंतीवरची दुसरी ओळ पाहिली. ती हिरवी होती आणि तिच्याच हातची होती. शाळेत ती बोलताना अडखळली की मागच्या बाकांवरून तिची नक्कल व्हायची. इथे पहिल्यांदा आली तेव्हा स्वतःचं नाव सांगायलाही तिला बराच वेळ लागला, आणि सगळे नुसते थांबून राहिले. पुढच्या आठवड्यात तिने यार्मोकडे ब्रश मागितला आणि लिहिलं: इथे कुणी कुणाला हसत नाही. हे केंद्र गेलं तर असं थांबून राहणारी माणसं तिला दुसरीकडे मिळणार नव्हती.

एल्मेरीने तोंड उघडलं. हिल्लाने डोळे मिटून घेतले.

"बाकाखाली टोपली आहे," तो चिरक्या आवाजात म्हणाला. "लोकरीचे मोजे आहेत त्यात. घाला. फरशी गार असते."

एवढं बोलून तो तडक संडासात गेला. आतून पाणी सोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मग पुन्हा.

सिर्काबाईंनी आपले मोजे काढून खिशात टाकले आणि एक नारिंगी, एक हिरवा मोजा चढवला. त्यांनी वेलची घातलेला पाव खाल्ला, कॉफी प्यायली, आणि हिल्लाशी बिलियर्ड खेळून त्या सपाटून हरल्या. केंद्राचं काय होणार, याबद्दल मात्र अवाक्षरही काढलं नाही. निघताना लोकरीच्या मोज्यांवरच बूट चढवून गेल्या, आणि हातमोजे विसरल्या.

हिल्ला हातमोजे घेऊन पळत सुटली. गाडीचं दार उघडंच होतं. सिर्काबाई पाय बाहेर काढून बसल्या होत्या. लोकरीचे मोजे त्यांनी नीट घडी करून शेजारी ठेवले होते. भोकवाला मोजा चढवून झाला होता आणि आत दडलेला अंगठा त्या मोठ्या काळजीने भोकातून बाहेर काढत होत्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"भिंतीवर नियम सगळ्यांच्याच छान असतात. पाळतं कोण, ते असं बघावं लागतं," सिर्काबाई म्हणाल्या. त्यांनी लोकरीचे मोजे हिल्लाच्या हातात दिले. "तुमचं बघून झालं. टोपलीत टाक हे. आणि त्या पोराला सांग, आता संडासातून बाहेर आलास तरी चालेल."

"आणि तु... तुम्ही?"

"आता स्टेशनजवळच्या केंद्रात."

स्टेशनजवळच्या केंद्रातली पोरं. हिल्लाच्या वर्गातल्या मागच्या बाकांवरची सगळीच्या सगळी तिथेच जायची.

ती बाईंच्या पायाशी उकिडवी बसली. अंगठ्याकडे पाहून तिने जरा विचार केला.

"हा... हा... हात लावू का?"

सिर्काबाई थांबल्या, तिचं बोलणं पुरं होऊ दिलं, आणि मान डोलावली.

हिल्लाने भोकात बोट घातलं आणि अंगठ्याशेजारचं बोटही बाहेर येईपर्यंत मोजा टर्रकन फाडला.