पोचल्याचं पत्र

१९३२ साली कॉलेजात शिकणारी माझी लीलाताई व्हिएन्नाच्या अनाथाश्रमात बिनपगारी सेवा करायला आणि जर्मन शिकायला निघाली. तयारी म्हणून वर्षभर मी वही धरून शब्द विचारायची, ती उत्तरं द्यायची. सोलापूर स्टेशनावर तिला गाडीत बसवून आलो आणि मी तिच्या खोलीतला पसारा आवरायला केरसुणी उचलली. “ठेव ती!” आई ओरडली. “माणूस पोचल्याशिवाय केर काढतात का?” “अगं, आगबोटीलाच पंधरा दिवस लागतात की!” “लागू देत.” पोचल्याचं पत्र छत्तिसाव्या दिवशी आलं. तोवर तिच्या पेन्सिलीच्या सालपटांत बसून मीच विचारायची, मीच उत्तरं द्यायची. ताई तिकडेच शिक्षिका झाली, परतली नाही. मी इथेच एकटी राहिले, सालपटं डबीत जपून. आई गेली तेव्हा मात्र मी घर लगेच झाडून घेतलं. ती पोचल्याचं पत्र कुठून येणार होतं?