चिनी गुलाबांचा संप

"आज तिसरा दिवस," वाफ्यापाशी उकिडवे बसलेले हेडक्लार्क म्हणाले. "एकही जण कामावर नाही."

जमिनीसरशी पसरलेल्या चिनी गुलाबांच्या कळ्या मुठी आवळून बसल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हेडक्लार्कांनीच या फांद्या खोचल्या होत्या. ऊन आलं की फुलं उघडत, दुपारी मिटत. हेडक्लार्कांना तेवढं पुरे होतं. रोज सकाळी घड्याळ बघत ते हजेरीला उभे राहत. गुलाबी फुलं वक्तशीर, पिवळी कामचुकार, आणि दुपारी सगळीच मेली पळपुटी.

बायकोनं कपाळाला हात लावायचंही सोडून दिलं होतं. मुलीला मुलगी झाली, महिना उलटला, तरी नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. बाबांना घेऊनच ये, असं मुलीनं बजावलं होतं. आणि बाबा म्हणत, मी जागेवरून हललो की इथं बजबजपुरी माजेल.

मग बायकोनं धुणं काढलं. आधी चादरी, मग पडदे, आज ब्लँकेटं. दोरी बांधली ती वाफ्याच्या नेमकी उगवतीला. सावलीत ही फुलं उमलत नाहीत, हे नवऱ्याकडून ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं.

आता हेडक्लार्क ओल्या ब्लँकेटाखाली वाकून कळ्यांना विचारत होते, तुमची मागणी काय, ते तरी सांगा. शेजारी कुंपणावरून टकामका बघत होता. तिला हसू आवरेना, आणि आतून वाईटही वाटत होतं. सगळं ऑफिस ज्याला टरकायचं, तो माणूस कळ्यांची मनधरणी करत होता.

"त्यांची एकच मागणी आहे," ती म्हणाली. "साहेबांनी रजेवर जावं."

हेडक्लार्क गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बॅग भरायला लागले.

गाडी सुटली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. हेडक्लार्कांनी चष्मा पुसला.

"निघताना ब्लँकेटं काढलीस ना दोरीवरून? बिचाऱ्यांना ऊन मिळू दे."

ती गोरीमोरी झाली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या चादरीपासून." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "उभ्या नोकरीत सबळ कारणाशिवाय रजा घेतली नाही मी. नातीला बघावंसं वाटतं, हे का रजेचं कारण झालं? संप म्हटल्यावर मात्र माझा इलाज नव्हता."