शेऱ्याचा रकाना

“शेरा वाच,” गणपतराव म्हणाले.

अमरेशनं कागद जवळ धरला, मग लांब धरला. खरं तर त्याचे डोळे उत्तम होते. मोतीबिंदू गणपतराव वकिलांना होता आणि ऑपरेशनसाठी ते सात महिने डॉक्टरांकडून पुढची तारीख घेत होते. म्हणून समितीत इंटर्नशिपला आलेल्या अमरेशकडं पहिलं काम वाचून दाखवायचं होतं. दुसरं काम दुभाष्याचं. घरी कन्नड, दारात मराठी, अशा घरातला तो पोरगा.

नागरी हक्क समिती म्हणजे कोर्टासमोरची एक खोली, गणपतराव, एक कपाट आणि लेटरहेड. तरीही त्या लेटरहेडला दिल्लीत वजन होतं. देशाची सुरक्षा आणि नागरिकांचं स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालावा, याचं धोरण लिहिणारी एक संस्था तिथं होती. ती लॉचे सहा विद्यार्थी घेणार होती. अमरेशचं शिफारसपत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. सही तेवढी राहिली होती.

समोरच्या बाकावर बसव्वा बसली होती. सीमेपलीकडच्या गावात ती हातमाग चालवायची. तिचा नवरा ईरप्पा इचलकरंजीला यंत्रमागावर होता. आता अकरा महिने झाले, तो तुरुंगात होता. गेल्या साली, दोन हजार दोनला, एसटी स्टँडवर एक बेवारशी पिशवी सापडली होती. पिशवीत जुन्या चपलांचा जोड निघाला. पण तो निघेपर्यंत नऊ माणसं नव्या दहशतवादविरोधी कायद्याखाली आत गेली होती. आठ सुटली. ईरप्पावर मात्र कागद होता. भाडेकरूंच्या पाहणीचा फॉर्म. त्याची झेरॉक्स नक्कल आज मिळाली होती.

“वाच की रं. का तुलाबी मोतीबिंदू झाला?”

“‘खोलीत माणसं सारखी बदलतात,’” अमरेश वाचू लागला. “‘एकूण किती राहतात ते विचारल्यावर...’” तो थांबला. मग समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, “‘...समाधानकारक उत्तर देत नाहीत. हालचाली संशयास्पद वाटतात.’”

“आयला! आठ जणांत चार वाकळा. चौघं पाळीवर गेले की दुसरे चौघं येऊन पडतात. माणसं बदलणार न्हाईत तर काय? कोण ह्यो शहाणा? पोलीस?”

“पोलीस नव्हेत, सर. कॉलेजची मुलं होती. राष्ट्रीय सेवा योजनेची.”

“तुला कसं माहीत?”

“वर छापलंय.”

ते खरंच वर छापलेलं होतं; पाहणी करणाऱ्याच्या नावाला मात्र फॉर्मवर जागाच नव्हती. न छापलेलं अमरेशला आठवत होतं. तीनशे खोल्या. छातीवर बिल्ला. पाहणीवरच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी दिलेली तंबी, की शेऱ्याचा रकाना रिकामा दिसला तर काम केलं नाही असं धरलं जाईल. मग पोरं सुचेल ते लिहायची. ‘भिंतीला ओल आहे.’ ‘स्वभावाने गरीब.’ त्या खोलीपाशी येईपर्यंत ओल आणि गरिबी दोन्ही वापरून संपली होती. बिल्ला असल्यामुळं त्यानं कन्नड माणसाला कन्नडमध्ये न विचारता साहेबी मराठीत विचारलं. तो माणूस ओशाळून हसला, आणि त्यानं चहा मागवला. चहा पिऊनच अमरेशनं शेरा लिहिला होता. त्याला उत्कृष्ट पाहणीचं प्रशस्तिपत्र मिळालं. वडिलांनी ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं.

गणपतराव मात्र खुलले होते. “ह्या पोराला धरायचा. त्यानं फक्त लिहून द्यायचं, की बाबा, मी काय बघितलं न्हाई, रकाना भरायचा म्हणून भरला. सोमवारी ईरप्पा घरी. अन् पोरगा न्हाई गावला, तर ईरप्पाला आत वर्ष-दोन वर्षं कोण विचारतंय? घे, प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिही. नावाची जागा सोड.”

अमरेशनं लिहिलं. ‘मी, ............, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...’ सहा ओळी झाल्या. एवढा खरा मजकूर त्यानं आजवर लिहिला नव्हता. मधेच त्याची नजर शिफारसपत्रावर गेली. मग टिंबांवर. टिंबं मोजून बारा होती. त्याचं नाव त्यात आरामात बसलं असतं.

“काय लिहिलंस, तम्मा?” बसव्वानं कन्नडमध्ये विचारलं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दर शनिवारी येताना ती तम्मासाठी घरच्या शेंगा आणायची.

“नवऱ्याच्या सुटकेचा कागद, अक्का.”

ती उठून टेबलापाशी आली. तिला अक्षरओळख नव्हती. पण लुगड्याचा काठ बघून तो कुणाच्या मागावरचा ते ती सांगायची, आणि कागदही तिनं तसाच बघितला. शाई अजून ओली होती. शेजारी पाहणीच्या फॉर्मची नक्कल होती. ती एकदा ह्या कागदावर वाकली, एकदा त्या. दोन्हीकडं प्रत्येक ओळीच्या शेवटी वर उडालेला फरकाटा तिनं बोटानं न शिवता गिरवला. मग तिनं अमरेशकडं बघितलं. रागानं नाही. काहीतरी चुकतंय का, असं विचारावं तसं.

“तम्मा,” ती कन्नडमध्ये म्हणाली, “हे दोन्ही काठ एकाच हातचे आहेत.”

खोलीत कन्नड कळणारी माणसं दोनच होती.

“काय म्हणतात बाई?” गणपतरावांनी विचारलं.

अमरेशनं पेनाला टोपण लावलं.

“अक्षर सुंदर आहे म्हणतात, सर.”