पडद्यांची मापं

‘ही फाइल दुसऱ्या संगणकावर उघडी आहे. ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा.’

तिने तिसऱ्यांदा फाइल पुसायला घेतली आणि तिसऱ्यांदा स्क्रीनवर तेच उत्तर आलं. सुटीचा दिवस होता, दुपारचे अडीच वाजले होते. पंखा पेंगत फिरत होता. खिडकीतलं ऊन भिंतीवर हळूहळू हलत होतं आणि सगळं घर कुणीतरी थोपटून निजवल्यासारखं शांत होतं. अशा दुपारी कठीण कामही हलकं वाटतं. म्हणून तर तिने हीच वेळ निवडली होती.

फाइलीचं नाव होतं ‘पडद्यांची मापं’. आत पडदे नव्हते, दोनशे बारा पानांची कादंबरी होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासून आली, की ती रात्री चोरून हीच फाइल उघडायची. नाव असं ठेवलं होतं, की कुणी ढुंकूनही बघू नये. त्यातून घरात सासरे. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली. औषधाच्या बाटलीवरची चूकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. त्यांना कळलं असतं तर तिची काही धडगत नव्हती.

आणि गेले सात महिने कादंबरी एका ओळीनेही पुढे सरकली नव्हती. उघडायची, शेवटची ओळ वाचायची आणि मिटायची. त्यापेक्षा एकदाचा सोक्षमोक्ष लावलेला बरा, असं तिने ठरवलं होतं.

पण दुसरा संगणक? घरात दुसरा होता तो माडीवर, सासऱ्यांच्या खोलीत. घरातले फोटो बाबांनाही दिसावेत म्हणून नवऱ्याने गेल्या वर्षी दोन्ही संगणक जोडून दिले होते. फोटोंचं फोल्डर खुलं करायचं सोडून त्या धांदरटाने तिचं सगळंच खुलं केलं असणार. तरी पण बाबा तर दुपारभर संगणकावर पत्ते खेळतात. निदान घरात सगळ्यांचा तसा समज होता.

ती जिना चढली. आपण चालतोय की झोपेत आहोत, हे तिला नीट कळत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. सासरे पुढे वाकून बसले होते, तिनेच नंबर काढून दिलेला चष्मा लावून. स्क्रीनवर पत्ते नव्हते. तिचं दोनशे बारावं पान होतं. सवयीने त्यांच्या कानामागे लाल पेन्सिल खोचलेली होती, हात मात्र मांडीवर स्वस्थ होते.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

‘बाबा, ती फाइल... तुम्ही उघडून बसलात की मला खाली काही करता येत नाही,’ ती कशीबशी म्हणाली.

सासरे दचकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चेहरा पार ओशाळला होता.

‘चुकलंच माझं. मागे एकदा या खिडकीच्या पडद्याचं माप हवं होतं, म्हणून उघडली. आणि जागचा उठलोच नाही. तेव्हापासून रोज दुपारी बघतो, पुढचं पान आलं का. मी उघडली की तुला लिहिता येत नाही, हे मला कुठे ठाऊक?’

ते थांबले. बोटांवर महिने मोजू लागले. मग फार हळू आवाजात त्यांनी विचारलं,

‘म्हणजे शेवटच्या पानावरची ती बाई सात महिने पुराच्या पाण्यात होडीत बसून आहे, ती माझ्यामुळे?’

इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदाच त्या बाईची काळजी वाटली. एकटी, भिजलेली, वाट बघणारी.

‘बंद करा, बाबा,’ ती म्हणाली. ‘अंधार पडायच्या आत काठावर उतरवते तिला.’