थर क्रमांक तीन

श्रावस्तीने स्कॅल्पेलने दर्शनी बाजूची शेवटची काळी पट्टी खरवडली आणि फळीवर अक्षरं दिसली. अर्धवट पुसलेलं एक नाव, एक आकडा, आणि 'ही बाजू वर' अशी खूण.

"खलास!" नुमान ओरडला. "मॅडम, कमाल कर दिया." त्याने लगेच फोटो काढले.

बहारीनमध्ये पहिलं तेल लागलं तेव्हा यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्यांचा हा बारचा काउंटर होता. तेलाच्या मागे धावत आलेली माणसं संध्याकाळी त्यावर कोपर टेकून पीत. आता नईम भागातलं हे जुनं हॉटेल पाडायचं होतं. काउंटर तेवढा झल्लाकच्या नव्या रिसॉर्टमध्ये, काचेच्या बंद पेटीत जाणार होता. तो मूळ रूपात आणणं हे श्रावस्तीचं काम होतं. साइट नुमानच्या ताब्यात होती.

रावजी चहा घेऊन आला. या बारमध्ये तो सदतीस वर्षं होता. बार बंद झाल्यावरही काउंटर राखायला म्हणून त्याला ठेवलं होतं. व्हिसा महिनाअखेरपर्यंत होता. पुढचं श्रावस्तीच्या रिपोर्टवर, असं नुमानने त्याला सांगितलं होतं. काउंटरला नियमित देखभाल लागणार असेल, तर रावजी झल्लाकला जाईल. नाहीतर गावी.

गेला आठवडाभर रावजी रोज दोनदा चहा आणत होता आणि तिच्या हातमोज्यांवरून तिची चेष्टा करत होता. "बाळंतपण करतात की काय?" आज तो ट्रे तसाच हातात धरून उघड्या, फिकट लाकडाकडे बघत राहिला.

"सगळां काढल्यात?"

"हो, समोरचं सगळं, रावजीकाका. वरचा थर नंतरचा होता. कुणीतरी इंडस्ट्रियल रेझिन फासलं होतं."

"रेझिन नाय तां." त्याने ट्रे खाली ठेवला. "काजीच्या टरफलांचां त्याल. आमच्या वेंगुर्ल्याक होड्यांक लावतत, घराच्या वाशांक लावतत. वाळवी थंय फिरकत नाय."

श्रावस्तीने स्कॅल्पेल खाली ठेवलं. तिने काउंटरच्या मागे बघितलं. मागची फडताळं वाळवीने पोखरून गेली होती. दाराची चौकट दोनदा बदललेली, तीही पोकळ. खोलीतलं मूळचं लाकूड एवढंच उरलं होतं. का उरलं, हा प्रश्न तिला पडला नव्हता.

"किती वर्षं लावत होता?"

"आल्यापासना. दर वर्सा सुट्टीवरसून येताना एक बाटली." त्याने तळवे पुढे केले. बोटांच्या पेरांवर जुने, काळपट डाग होते. कातडी जळून पुन्हा आलेली. "उघड्या हातान लावूक होया. फडक्यान लावलां तर आत मुरत नाय."

"मग सांगितलं का नाही मला?"

"विचारल्यात खंय? तुमची मशीन हा. तिका कळलां आसतलां, म्हटलंय."

थर तपासणाऱ्या मशीनला फिनॉल कळलं होतं; काजूच्या टरफलांच्या तेलातही ते असतं, हे तिच्या मनात आलं नव्हतं. तेवढ्यावरून तिने लिहिलं होतं: कृत्रिम रेझिन, अलीकडचं. रिपोर्ट गुरुवारीच गेला होता आणि मंजूरही झाला होता. थर काढावा. नंतर हवाबंद पेटी. देखभाल: आवश्यक नाही. ते लिहीत असताना रावजी समोर कप गोळा करत होता.

ती नुमानकडे वळली. "मागचा भाग अजून बाकी आहे. तेवढा थर राहू दे. रिपोर्ट मैं बदल देती हूँ. हर साल तेल लगाना पड़ेगा, लगानेवाला आदमी चाहिए."

"मॅडम, काँच का ऑर्डर जा चुका." नुमानने फोन पुढे केला. "और लोग क्या देखने आएंगे? ये अक्षर. काला तेल कौन देखेगा?" मग त्याने रावजीच्या खांद्यावर हात ठेवला. "चाचा, इतने साल रह लिए. अब घर जाओ, आराम करो. इंशाल्ला, फिर मिलेंगे."

फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला.

रावजीने खाली वाकून काउंटरच्या आतल्या कप्प्यातून एक बाटली काढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बूच मेणाने बंद केलेली. या वर्षीची. ती त्याने एका हातात धरली. मग दुसऱ्या हाताने त्याने उघड्या फळीवरून एकदा हात फिरवला.

"भायर काढल्यासारखां दिसता," तो म्हणाला. "खोक्यासारखां."

चहा निवला होता. श्रावस्तीने हातमोजे काढले, लॅपटॉप उघडला. मंजूर रिपोर्टातल्या शिफारशी आता बदलता येत नव्हत्या. तथ्याची दुरुस्ती तेवढी करता येत होती. ती शेवटच्या तक्त्यापाशी आली. तक्त्याचं शीर्षक होतं, 'काढून टाकलेले थर'. तिसऱ्या ओळीत, 'लावणारा' या रकान्यात, तिने 'अज्ञात' लिहिलं होतं. ते तिने खोडलं.

"काका, पूर्ण नाव सांगा. पासपोर्टवर आहे तसं."

"रावजी सगुण मोचेमाडकर. कित्याक?"

"रिपोर्टात घालते."

तो जवळ आला. "माझां नाव? तां पेटीच्या काचेर लागतलां?"

श्रावस्तीने नाव टाइप केलं. एकेक अक्षर तपासलं. मग शीर्षक दिसेनासं होईपर्यंत पान वर सरकवलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

रावजीने बाटली खाली ठेवली, दोन्ही हात पँटला पुसले, आणि वाकून बघितलं.