तिसरी पिन

"बाबांना शेवटचं तुम्हीच पाहिलंत ना, काका?"

भिकाजीने मान हलवली. पडवीत बसलेल्या नम्रताच्या मांडीवर जाडजूड पुस्तक उघडं होतं, भिकाजीच्या हवाई दलातल्या स्क्वाड्रनचा एकाहत्तरच्या लढाईतला इतिहास, यंदाच छापलेला. त्यात तिच्या वडिलांवर एक सबंध पान. विमान पेटलं तरी त्यांनी उडी मारली नाही, खालच्या गावावर पडू नये म्हणून ते शेवटपर्यंत वळवत राहिले, असं लिहिलं होतं. हे खरं का, ते विचारायला ती पुण्याहून पालीला आली होती.

"मी तेव्हा पोटात होते. आई ऐंशीला आलीय, अजून एकच विचारते. उडी मारता येत होती, मग का नाही मारली? परक्या गावाचा विचार केला, आमचा का नाही केला? तिने बाबांना माफ केलेलं नाही."

भिकाजीच्या बायकोने, गोदाने कोकम सरबत पुढे ठेवलं. "लडाईचं काय इचारू नका हो. हे बोलत नाय कदी."

आज मात्र बोलायचंच असं ठरवून म्हातारा सदऱ्याच्या खिशात दोन पिना घेऊन बसला होता. वैमानिकाला घेऊन बाहेर उडणारी खुर्ची जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला तीन पिना लावलेल्या असत. उड्डाणाआधी त्या काढायच्या आणि वैमानिकाच्या डोळ्यांसमोर धरायच्या, हे भिकाजीचं काम. एक जरी पिन राहिली तरी कडी ओढूनही खुर्ची उडत नसे. त्या सकाळी भोंगा झाला, एकच धांदल उडाली. साहेबांनी, नम्रताच्या वडिलांनी, न बघताच डोक्यावरची काच ओढून घेतली. विमान धावपट्टीच्या टोकाला पोचलं तेव्हा भिकाजीने मूठ उघडली. दोनच पिना होत्या.

विमान थांबवायला तेवढा वेळ होता. पण विमानाच्या वहीत तो सही करून बसला होता. अर्ध्या तासात साहेब येतीलच, मग तिसरी गुपचूप काढू, असं त्याला वाटलं. त्या वाटण्याची त्याला आजही किळस येते.

"साहेबांनी खुर्चीची कडी ओढली असंल, ताई," तो कसाबसा म्हणाला.

"पुस्तकात तसं नाहीये."

"नाय. पुस्तकात नाय."

ती वाट बघत राहिली. भिकाजीने खिशात पिना घट्ट धरल्या. त्या बाहेर काही काढल्या नाहीत.

शेवटी नम्रताने पेन पुढे केलं. "तुमच्यातले जे हयात आहेत त्या सगळ्यांनी बाबांच्या पानाखाली सही केलीय. तुमचीच राहिलीय."

त्याने पेन घेतलं. नाव लिहिलं, हवाई दलातला नंबर लिहिला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहिली. चार वाजून दहा.

"वेळ कशाला?" नम्रताने विचारलं.

"आमची पद्धत हाय ती," भिकाजी म्हणाला. "सगळं तपासलं, विमान तयार हाय, असं लिवून देताना."